नानांचा गुरुवार

नाना कामावरून आले की बूट काढायच्या आधी उंबऱ्यात उभे राहत, दोन्ही हात पुढे करत आणि बोटं पसरून काकूला दाखवत. काकू स्टोव्हपाशी बसल्या जागेवरून एक नजर टाकायची आणि म्हणायची, "आहेत." मग नाना म्हणत, "दहा आहेत. वाढ." त्यानंतर घरात संध्याकाळ सुरू व्हायची.

नवख्या माणसाला तो कसला तरी नेम वाटे. पण नाना प्रेस शॉपमध्ये डाय सेटर होते, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या अजस्र यंत्रात साचा बसवायचं त्यांचं काम. हात आत असताना वरचं धूड खाली आलं तर काय होतं, हे पिंपरीच्या आमच्या चाळीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. दोन बोटं गेलेला एक शेजारी रोज सकाळी नळावर बादली भरताना दिसायचा. नाना भित्रे नव्हते, पण त्या यंत्राला घाबरत आणि ते लपवत नसत. म्हणत, "ज्याला भीती वाटत न्हाई, त्याला माझ्या लाईनवर पाठवू नका."

नाना माझे थोरले चुलते. आमचं गाव केजकडचं. माझं आयटीआय झाल्यावर त्यांनीच मला इकडं आणलं, स्वतःच्या दहा बाय दहाच्या खोलीत झोपवलं आणि चिकटवलंही स्वतःच्याच कंपनीत. त्यांना मूलबाळ नव्हतं. पहिल्या दिवशी मी कामावरून परतलो तेव्हा उंबऱ्यात त्यांनी मला अडवलं. "दिल्या, हात दाखव." मला हसू आलं. त्यांना आलं नाही. पुढे मी क्वालिटीला गेलो, हातात मोजमापाच्या हत्यारांपलीकडे काही धारदार येईना, तरी हात दाखवणं चुकलं नाही. माझं लग्न झालं, मुलगी झाली, पिंपळे गुरवला फ्लॅट घेतला, काकू गेली, नाना आमच्याकडे राहायला आले. तरीही दाराशी तोच आवाज यायचा, "दिल्या, हात दाखव."

त्यांची दुसरी खोड म्हणजे बसमधली जागा. कंपनीच्या बसमध्ये कुणाच्या नावाची सीट नसते आणि तरीही प्रत्येक सीट कुणाची तरी असते. नानांची सीट डाव्या बाजूची, दुसऱ्या ओळीतली, खिडकीची. चढल्या चढल्या ते सीटवर रुमाल अंथरत, त्यावर बसत आणि नाशिक फाटा यायच्या आत झोपलेले असत. फर्स्ट शिफ्टच्या बसचा एक अलिखित नियम आहे. कुणी कुणाशी बोलायचं नाही, झोपलेल्याला गेटपर्यंत उठवायचं नाही. ही आमच्यातली सभ्यता आहे. हीच सभ्यता एक दिवस माझ्या जिवावर उठेल असं कधी वाटलं नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट गुरुवार. आमच्या पट्ट्यात रविवार हा लोकांचा रविवार, आमची सुट्टी गुरुवारची. कंपनी भोसरीतून चाकणला गेली तरी सुट्टी तीच राहिली. नाना गुरुवारी उशिरा उठत, युनिफॉर्म स्वतः धूत, दोरीवर घालताना शर्टाची कॉलर ओढून सरळ करत, मेथीची जुडी आणायला जात आणि दुपारी पंखा पाचावर ठेवून झोपत. कुणी कामाचं विचारलं की म्हणत, "आज कुणाचंच ऐकायचं न्हाई. आज गुरुवार." निवृत्त झाल्यावर त्यांना रोजचीच सुट्टी मिळाली, पण तो निवांत चेहरा त्यांचा तेव्हाही फक्त गुरुवारीच दिसायचा.

अशाच एका गुरुवारी, मेथी निवडता निवडता, त्यांनी मला त्यांच्या बापाची म्हणजे माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा म्हातारपणी माणसं विसरले, घर विसरले, रानात निघून जायला लागले. "आमी बापाला बाजेला बांधायचो," नाना म्हणाले. "सुताच्या दोरीनं. आई रडायची. आमी बी रडायचो. पण बांधायचो." मग त्यांनी मेथीचा देठ मोडला आणि विषय संपवला.

त्यानंतर काही वर्षांनी दुधाची पिशवी चपलांच्या कपाटात सापडली. मग नाना काकूला हाक मारायला लागले. मग पहाटे युनिफॉर्म घालून दाराशी उभे राहायला लागले. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हटलं, समजावून सांगितलं, गोळ्या दिल्या. येताना स्कूटरवर नाना मागे बसले होते. सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या कानाशी आवाज आला. "दिल्या, मला बांधू नको."

"नाही नाना," मी म्हणालो.

मी शब्द पाळला. दोरी आणली नाही, कुलूप आणलं. मी कामावर, माझी बायको सुनीता बालवाडीत शिकवायला, मुलगी कॉलेजात. जाताना बाहेरून कडी घालून कुलूप लावायचो. आत नाना दार हलवत असायचे, आणि तो आवाज जिन्यात दोन मजले खालपर्यंत यायचा. शेजाऱ्यांना म्हणालो, दार वाऱ्याने वाजतं. बसथांब्यावर म्हणालो, नाना गावाला गेलेत. मुलीसाठी स्थळं बघणं सुरू होतं. आधी आजोबा, आता नाना, मग पुढे कोण, असं कुणी विचारलं तर काय सांगणार होतो? खरं सांगायचं तर तो प्रश्न मला कुणी विचारायची गरज नव्हती. तो मी रोज दाढी करताना आरशात विचारत होतो.

मग ती सकाळ आली. मी थांब्यावर उभा होतो. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. आक्काच्या टपरीवर चहा उकळत होता. आक्का म्हणजे पिंपळे गुरवची मूळची बाई, तीस वर्षं त्याच कोपऱ्यावर फर्स्ट शिफ्टला चहा पाजणारी. आणि समोरून नाना आले. सुनीताने दूध घ्यायला दार उघडलं होतं, तेवढ्यात निसटले असणार. अंगात जुना युनिफॉर्म, एक बटण चुकून सगळी पट्टी वाकडी झालेली, डाव्या पायातला बूट उजव्यात.

"अगं बया! नाना गावाहून आले व्हय?" आक्का म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये पाहिलं.

थांब्यावरची निम्मी पोरं कंत्राटी, नवी. ती नानांना ओळखत नव्हती. त्यांच्यातला गण्या नावाचा एक बोलघेवडा म्हणाला, "काका, कोणत्या कंपनीत भरती चालू आहे? आमच्या आज्ज्याला पण लावून टाकतो." सगळे हसले. नाना कुणाकडे न बघता माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आपुलकीनं विचारलं, "नवीन का रे लेकरा? कोणत्या शॉपला?"

मी म्हणायला हवं होतं, नाना, मी दिलीप, चला घरी. मी म्हणालो, "क्वालिटीला."

"बरंय," नाना म्हणाले. "हात सांभाळ."

तेवढ्यात माझी बस आली आणि मी चढलो. मी माझ्या सीटवर बसलो, सुनीताला फोन लावला, नाना थांब्यावर आहेत, घेऊन जा म्हणालो. खिडकीतून पाहिलं तर ते माझ्याकडे बघून हात हलवत होते, जसा नव्या पोराला हलवावा तसा. मी पडदा ओढला.

सुनीता खाली पोचली तेव्हा थांब्यावर नाना नव्हते. मागोमाग आलेल्या एका पांढऱ्या बसमध्ये चढले, एवढंच आक्काला सांगता आलं. आमच्या रस्त्यावर पहाटे पांढऱ्या बसची रांग असते. काचेवर कंपनीच्या नावाचा कागद सोडला तर सगळ्या सारख्या.

सुनीताचा फोन आला आणि मी मोशीला उतरलो. त्या सकाळी मला जी भीती वाटली तिला कुठे ठेवू हे आजही मला कळत नाही. चाकणचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. कंटेनर, ट्रेलर, गाड्या वाहून नेणारी दुमजली धुडं, आणि त्यांच्या मधून वाट काढणारी माणसं. रिक्षातून जाताना रस्त्याकडेला गर्दी दिसली की मी डोळे मिटायचो आणि रिक्षावाल्याला विचारायचो, "काय झालंय?" तो म्हणायचा, "काही नाही, वडापाव." मी गेटोगेट फिरलो. प्रत्येक गेटवर सिक्युरिटीवाला विचारायचा, "फोटो आहे का?" फोटो नव्हता. मोबाइलमध्ये नानांचा शेवटचा फोटो आजारी पडण्याआधीचा होता, फेट्यातला, हसरा. त्यानंतर मी त्यांचा एकही फोटो काढला नव्हता. जो माणूस मी लपवत होतो, तो आता मला कुणाला दाखवताच येईना.

चाकणजवळ निघोज्याच्या एका कंपनीच्या गेटवर ते सापडले. कसं झालं ते नंतर कळलं. बसमध्ये चढल्यावर एका पोरानं म्हाताऱ्या माणसाला खिडकीची सीट दिली. "बसा काका." नानांनी रुमाल अंथरला, बसले, झोपले. कुणी काही विचारलं नाही. युनिफॉर्म होता, सेफ्टी शूज होते, आणि झोपलेल्याला कुणी उठवत नाही. गेटवर सगळ्यांबरोबर रांगेत उभे राहिले. कार्ड मागितल्यावर म्हणाले, घरी राहिलं. मग नाव-गाव, शॉप, काहीच जुळेना तेव्हा गार्डने त्यांना केबिनमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं.

मी आत गेलो तेव्हा त्यांची पँट ओली होती. "मला उशीर झाला," ते गार्डला सांगत होते. "आयुष्यात पहिल्यांदा. गेट बंद करू नका सायेब." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. पण म्हणाले, "हात दाखव."

मी हात पुढे केले. त्यांनी माझं एकेक बोट धरून मोजायला सुरुवात केली. पाच, सहा, सात. तिथं अडकले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सात. आठ त्यांना सापडेना. त्यांनी माझा पंजा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. विसरलोच, तर तो आजार मला झाला असेल तेव्हाच. "गेली," ते म्हणाले. "लेकराची बोटं गेली. मी आणला याला हितं. मी आणला." आणि मोठ्यानं रडायला लागले.

"नाना, आहेत, सगळी आहेत," मी म्हणत होतो, पण ते ऐकेनात. तेव्हा तो गार्ड, मूळचा नांदेडकडचा कुणी, जवळ आला, गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "मामा, मी मोजू का? तुम्ही फक्त बोट धरा." नाना एकेक बोट धरत गेले आणि आम्ही दोघं मोठ्यानं मोजत गेलो. दहा झाल्यावर गार्ड म्हणाला, "दहा आहेत मामा." नानांनी डोळे पुसले. "मग वाढ," म्हणाले. गार्डने आपल्या डब्यातली चपाती त्यांच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी थांब्यावर लवकर गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण तिथं पोचल्यावर एकच वाक्य निघालं. "नाना गावाला गेले नव्हते." मग उरलेलं आपोआप आलं. आजार, कुलूप, कालची सकाळ, ओढलेला पडदा, सगळं. बोलताना मी रस्त्याकडे बघत होतो.

आक्काने गाळणी आपटली. "दिलीपभाऊ, माणूस हाय त्यो. चोरीचा माल न्हाई, लपवून ठेवायला. इतकी वर्सं माझ्या हातचा चहा प्याला त्यो माणूस, आन् मला सांगितलं न्हाई?"

गण्या पुढे आला. "राव, मला माहीत असतं तर बोललो नसतो."

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "आणि मीही बोललो नाही."

त्या दिवशी कुलूप काढलं. अपेक्षा अशी होती की मन हलकं होईल. झालं उलटंच. कुलपाच्या दिवसांत मला लाज वाटायची, आता नुसती भीती. नाना पहाटे उठत, युनिफॉर्म घालत, आणि मी त्यांच्या मागे चार पावलांवर चालत थांब्यावर येई. तिथं ते बसमध्ये चढायला धावत. मी धरलं की हात झटकत, "उशीर झाला, सोड!" म्हणून ओरडत. एकदा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मागे दुसरी बस खोळंबली आहे, नाना दारातल्या दांडीला लटकलेत, अशा घोळात गण्या वैतागून ओरडला, "अहो नाना, आज गुरुवार आहे! सुट्टी! जावा घरी!"

नानांनी दांडी सोडली. आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण हळूहळू उतरला, अगदी युनिफॉर्मची कॉलर ओढून सरळ केल्यासारखा. "गुरुवार?" ते म्हणाले. "मग आधी सांगायचं ना राव!" आणि हसत घराकडे वळले. गण्या बसच्या पायरीवर तसाच उभा राहिला. त्या दिवशी मंगळवार होता.

तेव्हापासून आमच्या गल्लीत नानांसाठी रोज गुरुवार सुरू झाला. थांब्यावर ते आले की कुणीतरी म्हणे, "नाना, आज गुरुवार." आक्का अर्धा चहा देई. "बसा. अर्धा घ्या." मग ते घराकडे निघत आणि ती चूल सोडून रस्त्यावर येऊन ते आमच्या दारात शिरेपर्यंत बघत राही. गण्याने मागच्या पुढच्या सगळ्या बसच्या ड्रायव्हरांना नाना दाखवून ठेवले. भाजीवाली मेथीची एक जुडी त्यांच्या हातात देई आणि संध्याकाळी सुनीताकडून हिशेब घेई. न्हावी म्हणाला, "दिवसातून तीनदा येतात दाढीला. मी साबण लावतो, वस्तरा लावत नाही. खूश होऊन जातात." सोसायटीत एका गृहस्थांनी विचारलं, यांना कुठेतरी ठेवता येणार नाही का, लहान मुलं घाबरतात. मी म्हणालो, "मीही घाबरतो. पण ठेवलेत, इथंच ठेवलेत." पुन्हा त्यांनी विचारलं नाही. अर्थात सगळे बदलले असं नाही. जिन्यात भेटल्यावर मुलाला जवळ ओढून घेणारे तसेच राहिले.

दोन वर्षं हा गुरुवार चालला. माझी भीती मात्र रोज पहाटे उठायची. आज कुणाचं लक्ष नसलं तर, आज नवा ड्रायव्हर असला तर. मी कामावर असताना आक्काचा फोन आला की आधी हातातलं हत्यार खाली ठेवायचो, मग तिचा आवाज, "पोचले घरी." बस, दोनच शब्द. तेवढ्यावर माझी शिफ्ट जायची.

मग नाना कामही विसरले. युनिफॉर्म खुंटीवर राहिला. नंतर गुरुवार विसरले. आम्ही सांगायचो, ते नुसते बघायचे. शेवटच्या दिवसांत ते बोलत नव्हते, पण मी कामावरून आलो की अंथरुणाशी बसून दोन्ही हात त्यांच्यासमोर उघडे करायचो. कधी नजर हातांवर यायची, कधी भिंतीवर. ते गेले त्या दुपारी मी त्यांचे हात उलगडले. मुठी घट्ट झाल्या होत्या. एकेक बोट सरळ करत मी मोजलं. आयुष्यभर प्रेसमध्ये काम करून नाना सगळी बोटं शाबूत घेऊन गेले. "दहा आहेत," मी त्यांच्या कानाशी म्हणालो. सुनीता दारात उभी होती. ती म्हणाली, "आहेत."

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो आणि थांबतो. पहाटे उठलो, अंघोळ केली, युनिफॉर्म घातला, डबा घेतला, थांब्यावर गेलो. धुकं होतं. माझ्या बसची माणसं कुणीच दिसेनात. आक्का चूल पेटवत होती. तिनं मान वर केली, माझ्या कपड्यांकडे पाहिलं, हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"दिलीपभाऊ," ती म्हणाली, "आज गुरुवार."

तो गुरुवारच होता, घरी गेल्यावर कॅलेंडरने सांगितलं, आणि थकलेला माणूस वार चुकतो हे मलाही ठाऊक आहे. पण त्या क्षणी मला तिच्या शब्दांचं काही वाटलं नाही, आवाजाचं वाटलं. तो नेमका तसाच होता. नानांना सांगायची तसाच, मऊ, घाई नसलेला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो आणि मला ओळखता येईना की ती खरं सांगते आहे की मला सांभाळते आहे.

"खरंच गुरुवार आहे का, आक्का?"

तिने चहा ओतला. "बसा," म्हणाली. "अर्धा घ्या."

मी बसलो. मोबाइल खिशात होता, तो काढायचं धाडस झालं नाही. टपरीच्या फळीखाली, तिला दिसणार नाही असे, मी दोन्ही हात उघडले आणि मोजले. मग पुन्हा एकदा मोजले. चहा संपवला आणि नाना ज्या बाजूने जायचे त्याच बाजूने घराकडे निघालो. मागे वळून पाहिलं नाही. पण आक्का चूल सोडून रस्त्यावर आली आहे, आणि मी दारात शिरेपर्यंत तिथंच उभी राहणार आहे, हे मला कळत होतं.